चेंडू आजोबांच्या दारात

"हात लावू नकोस, आपोआप जातोय तो!" कंपास ओरडला.

मागच्या अंगणात मधोमध ठेवलेला चेंडू जरा थबकला, मग निवांत घरंगळत निघाला आणि आजोबांच्या खोलीच्या दारावर टक्कन आपटला. शेपूटने तो आणून पुन्हा मध्ये ठेवला. चेंडू पुन्हा तिकडेच!

दिसेल ते मोजत सुटायचा म्हणून त्याला सगळे कंपास म्हणत. शेपूट ही त्याची धाकटी बहीण. नावाचं कारण सांगायला नकोच. तिसरी शेजारची वकील, जी मास्तरांशीसुद्धा वाद घालून जिंकायची. सुट्टी लागल्यापासून तिघांना एकच ध्यास होता, अंगणातलं बास्केटबॉलचं कोर्ट. खडी पसरून, वर बारीक कच दाबून बसवून झाली होती. नकली गवताच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ठेकेदारकाका आपल्या माणसांना घेऊन जेवायला गेले होते.

"चेंडू जिकडे, पाणी तिकडे," वकील म्हणाली. "कोर्ट दर आठवड्याला धुवायचं असं काकांनीच सांगितलंय. मग पाणी जायची जाळी कुठेय?"

जाळी कुंपणाच्या भिंतीशी होती, म्हणजे नेमकी उलट्या बाजूला. तिघांचीही तोंडं उतरली.

आजोबा न्हाणीघरात घसरून पडले होते आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. जिना चढवत नाही म्हणून त्यांना या खालच्या खोलीत आणलं होतं. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत चालायचा सराव आत्ता कुठे सुरू झाला होता. "पुन्हा पडले, तर त्यांना उभं करणं माझ्या हातात नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. शेपूटने ते दाराआडून ऐकलं होतं. तेव्हापासून त्या खोलीतली फरशी कोणी पुसली, की ती मागोमाग कोरडं फडकं घेऊन बसायची.

काका जेवून आल्याआल्या तिघांनी त्यांना गाठलं.

"काका, उतार उलटा झालाय. पाणी आजोबांच्या खोलीत जाईल."

"तुम्ही पाळण्यातही नव्हता, तेव्हापासून मी कोर्टं घालतोय," काका हसले. "खांब उंचावर आणि खांबापासून खाली उतार. माझा नियमच आहे तो. आजवर कोणाची तक्रार नाही."

"पण खांब तर तुम्ही हलवलात ना?" वकीलने विचारलं.

खरंच होतं ते. बास्केटचा खांब आधी घराच्या बाजूला लागणार होता. चेंडूच्या धडधडीने आजोबांची झोपमोड होईल, म्हणून बाबांनी तो कुंपणाशी न्यायला सांगितला. खांब गेला आणि काकांच्या नियमाबरोबर उतारही फिरला. आजोबांच्या काळजीनेच आजोबांच्या दारात पाणी आणलं होतं.

काकांना ते पटेना. कंपासने बाबांना फोन लावला. "मी कामात आहे. मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "त्यांना त्यातलं कळतं रे बाळा." झालं! आता दाद मागायची तरी कोणाकडे?

गवत अंथरलं गेलं. चहा झाला की जोड चिकटवायचे आणि वर वाळू पसरायची. मग ते काही निघणार नव्हतं. तिघं पायरीवर बसून नुसती बघत राहिली.

"मोठं व्हायला अजून किती वर्षं लागतात गं?" शेपूटने विचारलं. 

आतून आजोबांनी हाक मारली. "काय रे, तोंडं का पाडलीत? आणि मघाशी दारावर कोण थापा मारत होतं? मला वाटलं, कोणी भेटायला आलं."

मग शेपूटला राहवेना. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. आजोबा छताकडे बघत म्हणाले, "मी बोललो असतो, पण पडून असलेल्या माणसाला लोक हो हो म्हणतात आणि निघून जातात."

"मग सांगायचं नाही, दाखवायचं," कंपास म्हणाला. "काकांना चहा इथेच देऊ. आजोबा, तुमची खोली भिजेल पण."

"भिजू दे. मी पलंगावरून हलणार नाही, शब्द देतो."

काका बूट बाहेर काढून आजोबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. कंपासने खांबापाशी नळी सोडली. गवताखालून पाणी कसं निघालं ते कोणाला दिसलंच नाही, आणि दाराच्या फटीतून ते एकदम आत आलं.

"नळ कोणी सोडला?" म्हणत काका ताडकन उठले, ओल्या मोज्यांनी घसरले आणि हातातल्या कपबशीसकट फरशीवर बसले.

आजोबांनी पलंगावरून हात पुढे केला. तो अर्ध्यावरच राहिला. "माफ करा," ते म्हणाले. "मला तुम्हाला उठवता यायचं नाही."

काकांची फजिती झाली, की पोटभर हसायचं असं तिघांनी ठरवलं होतं. कोणीच हसलं नाही. कामावरून येऊन बाबा दारात उभे होते आणि पाणी वॉकरच्या पायांपर्यंत पोचलं होतं.

बाबांनी काकांना हात दिला. "लागलं नाही ना?"

"नाही, पण चुकलं माझं," काका म्हणाले. "उतार नव्याने घालतो."

"माझंही चुकलं. पोरांनी मला फोन केला होता." बाबा फडकं घेऊन खाली बसले. पुसायचा राहिलेला कोपरा शेपूटने त्यांना दाखवला.

गवत गुंडाळून कच उकरली गेली, सगळं पुन्हा झालं. या वेळी काकांनी स्वतः नळी सोडली आणि पाणी मुकाट जाळीत गेलं. "या तिघांनी माझा नियम मोडला, बरं केलं," असं ते आईला दोनदा सांगून गेले.

पहिला चेंडू आजोबांनी टाकायचा असं ठरलं. वॉकर टेकत ते उंबरा ओलांडून कोर्टाच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले. 

"पोचलो," ते म्हणाले. "परत जाणं मात्र आत्ता जमायचं नाही."

बाबा उचलायला धावले. आजोबांनी नको म्हणून मान हलवली. मुलांनी खुर्ची आणली आणि आजोबांनी बसूनच पहिला चेंडू टाकला.

"आजोबा, तुम्ही अगदी मधोमध बसलाय," वकील म्हणाली.

"मग मला चुकवून खेळा."

अंधार पडेपर्यंत तिघं त्यांना वळसा घालून खेळली. त्यांना उठायला कोणीच सांगितलं नाही.