पहिल्या हाकेला ओ

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. पण हे घडलंय. आधी माझ्यासमोर, आणि नंतर माझ्याच घरात.

यातली सगळी नावं मी बदलली आहेत. बदनामीच्या भीतीनं नाही. का बदलली, ते पुढं कळेल.

आणि हो, भुताच्या गोष्टीत रात्र लागते म्हणतात. इथं रात्र नाही. गेल्या मे महिन्यातली भर दुपार. परभणीजवळचं झरी गाव आणि गावाबाहेरचं कापसाचं रिकामं गोदाम. उन्हानं पत्रे तापले की टक्... टक्... वाजत राहायचे.

मी परभणीत राहते. उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यातल्या पोरापोरींचं नाटक बसवते. गेल्या वर्षी झरी निवडलं, कारण माझी थोरली बहीण तिथं दिलेली. तिला मी अक्का म्हणते. तिची मुलगी शिवकन्या आठवीत होती. आवाज खणखणीत, माईकची गरजच नाही. मुख्य काम तिलाच दिलं होतं. माझं लेकरू तान्हं, ते सासूबाईंजवळ ठेवून मी रोज स्कूटीवर यायचे.

तालमीच्या आधी आम्ही एक खेळ खेळायचो. गोल करून बसायचं, डोळ्यांना दस्ती बांधायची. एकानं कोणाला तरी नावानं हाक मारायची. ज्याचं नाव आलं त्यानं लगेच 'ओ' द्यायची आणि दुसऱ्याला हाक मारायची. मध्ये विचार करायचा नाही. नाटकात समोरच्याचं वाक्य संपलं की आपलं निघालं पाहिजे, त्याची ती सवय.

पण पोरं ओच देईनात.

सुगत म्हणून एक वांड पोरगा होता. म्हणाला, "ताई, पयल्या हाकेला ओ देत नसतेत. दुपारच्या पारी तर बिलकुल न्हाई. आजी लय मारती."

"का रे?"

"कोण हाक मारायलंय, काय ठावं? माणूस असलं तर पुन्ना मारतंय की."

मला हसू आलं. "मग स्टेजवर यायला तुला काय पत्रिका छापू का रे?"

पोरं खिदळली. सुगत लाजला. हळूहळू सगळ्यांची सवय मोडली. नाव पुरतं निघायच्या आत ओ यायला लागली. मी तर जाम खूश. मग मीही डोळे बांधून त्यांच्यात बसायला लागले.

त्या दुपारी नावं भराभर फिरत होती.

साक्षी... ओ! सुगत... ओ! जीवन... ओ!

पुढची हाक जीवननं मारायची होती. त्याला पटकन नाव सुचेना.

तेवढ्यात पत्रे वाजायचे थांबले...

आणि हाक आली.

"शिवकन्या..."

"ओ!"

आवाज पोरीचा होता की बाईचा, मला अजून सांगता येत नाही. पण तो गोलातून आला नव्हता. माझ्या पाठीमागून आला होता.

माझ्या पाठीला भिंत टेकलेली होती.

मी दस्ती ओढून काढली. सगळी पोरं डोळे बांधून जागच्या जागी बसलेली. दार आतून लावलेलं.

"जीवन, तू मारलीस का हाक?"

"न्हाई ताई. मी आजून इचारच करायलो."

शिवकन्येनं दस्ती सोडली नव्हती. तोंड माझ्याकडं होतं, पण माझ्याकडं नव्हतं... माझ्या खांद्यावरून मागं होतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "माझी पाळी हाय ना आता? ते थांबलंय."

मी तालीम तिथंच मोडली.

त्या दिवसापासून शिवकन्येनं कोणालाही नावानं हाक मारली नाही. नाटकात तिला मैत्रिणीला हाक मारायची होती. ती उभी राहायची, तोंड उघडायची... आणि घट्ट मिटायची. घरी भावाला 'ए' म्हणायची. आई, बाबा, मावशी एवढंच तोंडातून निघायचं. जेवण तुटलं. पोर वाळत चालली. दुपार झाली की दाराकडं बघत बसायची. अक्कानं डॉक्टर केला, दृष्ट काढली, नवसही बोलली. काही फरक नाही.

मी एक दिवस तिला जवळ घेतलं. काय झालंय ते विचारलं.

"मी नाव घेतलं की ते त्याच्याकडं जातंय, मावशी. मला दिसायलंय ते. सुगत म्हनला बकरीचं नाव घे. घेतलं. बकरी कुठं ओ देतीय?"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. मलाही. ती एवढीशी पोर कोणाचाही घात होऊ नये म्हणून तोंड दाबून बसली होती.

"माझं नाव घे," मी म्हणाले. "मी बघते त्याच्याकडं."

तिनं मान हलवली. "तुझ्या घरी बाळ हाय."

नाटक झालंच नाही. पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. पोर तशीच.

मग एका दुपारी मी परभणीत, माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. सासूबाई बाळाला घेऊन शेजारी गेल्या होत्या. घरात कोणी नव्हतं.

मागच्या अंगणातून हाक आली. एकदाच.

माझं नाव. आवाज शिवकन्येचा...

"ओ!"

माझ्या तोंडून निघूनही गेली. मीच लावलेली सवय. मग लक्षात आलं, शिवकन्या मला नावानं कशाला बोलावेल? ती तर मावशी म्हणते. आणि ती झरीला आहे.

अंगणात कोणी नव्हतं. पण पाठीमागं कोणीतरी येऊन थांबल्यासारखं वाटलं. ते मग माझ्या पाठीमागून हललंच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का रडत होती, हसत होती.

"अगं, पोरगी बोलायली! समद्याईला नावानं हाका मारायली. पोटभर जेवली बघ!"

"माझं नाव घेतलं का गं तिनं?"

"तुझं कशाला घेईल? दुपारी डोळा लागला व्हता, झोपंत काय तरी बडबडली. अन् उठली ते चांगलीच."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. पोर सुटली.

पण झोपेत बडबडली, हे शब्द डोक्यातून जाईनात. जागेपणी मी तोंड आवरेन. झोपेत कसं आवरू? आणि झोपेत आईच्या तोंडी कोणाचं नाव येतं, हे मी वेगळं सांगायला नको.

मी तोंडाला दस्ती बांधून झोपायला लागले. नवरा चेष्टा करायचा. मी करू दिली.

माझं लेकरू नुकतंच नावाला ओ द्यायला शिकलं होतं. घरात सगळ्यांना भारी कौतुक. जो येईल तो हाक मारून बघायचा. मी कधी मारली नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी मला जाग आली. दस्ती उशाशी पडलेली होती. गाठ तशीच्या तशी.

आणि पलीकडच्या खोलीतून बाळाचा आवाज आला...

"ओ!"

मी धावले. सासूबाईंचा डोळा लागला होता. बाळ पाळण्यात उभं होतं. माझ्याकडं बघत नव्हतं. स्वतःच्या मागं, भिंतीकडं बघत होतं.

तेव्हापासून ते हसत नाही. दूध घेत नाही. दुपार झाली की गप्प होतं.

पाळी त्याची आहे. आणि त्याला अजून कोणाचंच नाव घेता येत नाही.

म्हणून सकाळपासून मी त्याला मांडीवर घेऊन बसते. माझं खरं नाव त्याच्या जिभेला जड जातं. पहिलं अक्षर काल जमलं. सासूबाई म्हणतात, आईला कोणी नावानं हाक मारायला शिकवतं का?

मी फक्त म्हणते, म्हण बाळा... पुन्हा म्हण.