निकेशच्या फोनमधलं ‘हाय’

ही हकीकत खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. नूतनने जशी सांगितली तशीच इथे मांडली आहे, पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा कार्तिक. दिघी बंदराच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी भातशेती करणारं एक लहानसं गाव. वेळ दिवेलागणीची.

मध्यरात्रीची नव्हे. जे घडलं ते चुलीवर भात शिजत असताना, शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना घडलं.

नूतनच्या नवऱ्याचं नाव निकेश. कंपनीत वेल्डर होता. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. वर्षभर खाटेवर पडून राहिला. मग कुणीतरी अलिबागला अंध माणसांना मोबाइल शिकवतात तिथे नेला, आणि माणूस पुन्हा उठून बसला.

फोनमध्ये एक बोलणारं अ‍ॅप होतं. बोट जिथे फिरेल तिथलं ते वाचून दाखवायचं. फोनसोबत आलेला आवाज मराठी वाचताना अडखळायचा, म्हणून निकेशने हे दुसरं, बाहेरचं अ‍ॅप घेतलं होतं. त्यातली बाई स्वच्छ मराठी बोलायची.

“तुझ्यापेक्षा गोड बोलते,” तो नूतनला चिडवायचा.

“मग तिलाच सांगा डबा भरायला.”

त्याने नूतनचा नंबर ‘सायरन’ नावाने सेव्ह केला होता. तिचा फोन आला की ती बाई गंभीर आवाजात सांगायची, “सायरन कॉल करत आहे,” आणि निकेश खो खो हसायचा. हे नाव फक्त त्या दोघांना माहीत होतं.

तो एकटा सगळीकडे जायचा. डोळ्यांचे थेंब आणायला मुरुडला, तेही दिघीहून आगरदांड्याची बोट धरून.

अशाच एका संध्याकाळी मुरुडहून परतीच्या बोटीत तो चढला.

दिघीला उतरला नाही.

बाकावर त्याचा फोन होता. काठी होती. तो नव्हता.

खाडीत दोन्ही बाजूंनी शोधलं. काही लागलं नाही. गावात कुजबुज सुरू झाली. आंधळा माणूस कंटाळला असेल. दिली असेल उडी. नूतन समोर आली की बायका विषय बदलायच्या.

बोटीवर शेंगदाणे विकणारी केसर मात्र स्वतः घरी आली.

“तो बोलत व्हता गं फोनमदी. कानाला न्हाय, तोंडासमोर धरलेला. मधेच हसला पन.”

नूतनला लगेच कळलं. निकेश कधी लिहायचा नाही. जे सांगायचं ते रेकॉर्ड करायचा.

म्हणजे तो पडला की त्याने उडी मारली, ते त्या फोनमध्ये होतं. तिला तेवढंच हवं होतं.

जबाब झाल्यावर पोलिसांनी फोन घरी दिला तेव्हा बॅटरी संपून तो बंद पडलेला होता. चार्जिंगला लावला, चालू झाला, आणि पिन मागू लागला. पिन निकेशने कुणालाच सांगितला नव्हता. पिन टाकायच्या आधी तो कानात इअरफोन घालायचा. एरवी ते अ‍ॅप आकड्याऐवजी नुसतं ‘टिंब’ म्हणतं. कानात वायर असली तरच खरा आकडा सांगतं.

बोर्लीला गणराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. निकेशचा शाळेतला दोस्त. नूतन फोन घेऊन त्याच्याकडे गेली.

“वहिनी, हा फोन आत्ता बेशुद्ध माणसासारखा आहे,” तो म्हणाला. “श्वास चालू आहे, ओळख नाही. बंद होऊन चालू झाला की आतलं सगळं एन्क्रिप्शनमध्ये असतं, कुलूपबंद. एकदा खरा पिन पडला की मगच उघडतं.”

“आणि ते बोलणारं अ‍ॅप?”

“त्याला निक्याने सगळी परवानगी दिलेली. स्क्रीनवरचं सगळं बघ, सगळं वाच. पण ते अ‍ॅपसुद्धा कुलपाच्या आतच झोपलंय ना. पिन पडल्याशिवाय ते जागं होत नाही. आंधळ्या माणसाला पिन टाकायला ते हवं, आणि त्याला जागं करायला पिन हवा. निक्या स्वतः पण वैतागायचा. फोन बंद पडला की दुकानात यायचा, मी तोंड फिरवायचो, तो अंदाजाने बोटं टाकायचा.”

त्याने नूतनच्या फोनवरून निकेशचा नंबर लावला. रिंग वाजली. निकेशच्या पडद्यावर नुसते आकडे.

“बघा. नाव येत नाही. नावं पण आत अडकलीत.”

नूतनने आठवतील ते आकडे टाकून पाहिले. लग्नाची तारीख. त्याची जन्मतारीख. तिची. जुन्या मोटारसायकलचा नंबर. सगळे चुकले. पडद्यावर सूचना आली. आणखी काही वेळा चुकलं तर फोन स्वतःला पुसून टाकेल.

“हे निक्यानेच चालू केलेलं,” गणराज म्हणाला. “फोन हरवला तर कुणी बँक उघडू नये म्हणून. आता हात लावू नका वहिनी. खरं काही आठवलं तरच.”

घरी सासू आवडाबाईची वेगळीच घाई चालली होती. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी अमावास्या सांगितली होती.

“पोराला वाट मोकळी करून दे गो बाय. किती दिवस पाण्यात ठेवनार त्याला?”

“आई, आधी फोन उघडू दे. मग तुम्ही म्हणाल ते.”

“फोनात काय जीव हाय त्याचा?”

त्याच दिवशी दिवेलागणीला नूतनने उगाच त्याचा नंबर लावला. नुसती रिंग ऐकावी म्हणून. निकेशचा फोन फळीवर होता. वाजला. पडद्यावर आकडे आले.

आणि मग...

“सायरन कॉल करत आहे.”

त्याच बाईचा आवाज. स्वच्छ मराठी.

नूतनच्या हातातून तिचा फोन पडला.

दुसऱ्या दिवशी गणराजने निकेशचा फोन उलटासुलटा करून पाहिला. कुलूप होतं तसंच होतं. पुन्हा कॉल केला. फोन गप्प. नुसते आकडे.

“वहिनी, मनाचे खेळ असतात. तुम्ही जेवलात कधी नीट?” असं म्हणून त्याने सिमकार्ड काढून तिच्या हातात दिलं. “आता कुणाचा कॉल नाही, मेसेज नाही. शांत झोपा.”

अमावास्येची आदली संध्याकाळ. अंगणात दर्भाची पेंडी येऊन पडली होती. आवडाबाई चुलीपुढे बसून एकटीच बोलत होती. मुलगा गेल्यापासून तिला ती सवयच लागली होती.

“उद्या तुजा पुतळा जालायचा रे निकेश. हायस का न्हायस ते तरी सांग एकदा...”

फळीवरून उत्तर आलं.

“हाय.”

भात उतू गेला तरी दोघी हलल्या नाहीत.

आवडाबाई आधी उठली. तिने फोन छातीशी धरला आणि रडू लागली.

“हाय म्हनला! माजा पोरगा हाय! ती पेंडी फेकून दे भायेर!”

“आई, ते अ‍ॅप आहे. इंग्रजीत कुणी हाय लिहिलं की ते तसं वाचतं. नमस्कारासारखं.”

“मना नको शिकवू. मी विचारला हायस का, तो बोलला हाय. नमस्कार कुनी मागितला त्याच्याकडं?”

नूतन मनात हिशेब करू लागली. मेसेज आलाच असेल तर कुठून आला? सिमकार्ड तिच्या पाकिटात होतं. आणि वाचणारी बाई तर कुलपाच्या आत झोपलेली.

अमावास्येला पुतळा झाला नाही. भटजी दारातून परत गेले.

त्या संध्याकाळी दोघी फोनसमोर बसल्या. आवडाबाईने दिवा लावून फोन पाटावर ठेवला होता, देवासमोर ठेवावा तसा. बाहेर गाई परतत होत्या. घंटा वाजत होत्या. हळूहळू त्या लांब गेल्या.

मग काहीच ऐकू येईना. टीव्हीही नाही, कुत्रंही नाही.

पडदा आपोआप उजळला...

“टिंब.”

कुणाचं बोट नव्हतं.

“टिंब... टिंब... टिंब.”

थोडं थांबून, “चुकीचा पिन.”

नूतन सांगते, त्या क्षणी तिला भीती वाटलीच नाही. आनंद झाला. तो उघडून देतोय, असं वाटलं. त्याला पिन माहीत आहे, चुकून एक बोट घसरलं असेल. अंदाजानेच टाकायचा ना.

“सावकाश टाका अहो,” ती म्हणाली. “मी तोंड फिरवते.”

तिने खरोखर तोंड फिरवलं.

“टिंब... टिंब... टिंब... टिंब. चुकीचा पिन.”

आता पडद्यावर ताकीद आली. मोजकेच प्रयत्न उरले होते. नूतनला त्याचा इअरफोन आठवला. तो कोनाड्यात गुंडाळून ठेवलेला होता. तिने वायर फोनला जोडली आणि बोंडं आपल्या कानात घातली. कुठला आकडा चुकतोय ते तरी कळेल.

कानात बाईचा आवाज आला. अगदी जवळून...

“शून्य... दोन... शून्य... पाच.”

लग्नाची तारीख.

चुकीचा पिन.

मग त्याची जन्मतारीख. मग तिची.

नूतनने बोंडं कानातून ओढून काढली. यातली कुठलीच तारीख निकेशचा पिन नव्हती. हे आकडे तिचे होते. गणराजच्या दुकानात तिने टाकलेले, त्याच क्रमाने.

आत जो कुणी होता त्याला पिन माहीत नव्हता. त्याला फक्त तिच्या चुका माहीत होत्या.

ती फोन बंद करायला झेपावली. बाजूचं बटण दाबून धरलं. पण आवडाबाईने तिचा हात झटकला, फोन ओढून पोटाशी घेतला. वायर निसटली.

“बंद करू नको! जीव जाईल त्याचा!”

“आई, सोडा! तो निकेश नाही! सगळं पुसेल तो!”

“माजा पोर हाय तो! माज्याशी बोलला!”

“आई, पाया पडते तुमच्या...”

आवडाबाईच्या लुगड्याच्या आतून, दबक्या आवाजात, ऐकू आलं.

“टिंब... टिंब... टिंब...”

आणि मग बराच वेळ काहीच नाही.



“टिंब.”

आवडाबाईने फोन बाहेर काढला तेव्हा पडदा पांढरा झाला होता. वर अक्षरं होती. स्वागत आहे. भाषा निवडा.

“काय म्हनतोय गं?” सासूने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“काही नाही,” नूतन म्हणाली. “रिकामा झाला.”

गणराजने सगळे उपाय करून पाहिले. रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. फोन फुटला असता तर काहीतरी काढता आलं असतं, असं तो म्हणाला. हा फुटला नव्हता. यातली किल्लीच नाहीशी झाली होती.

निकेश पडला की त्याने उडी मारली, ते आता कुणालाच कळणार नाही. आणि त्याला अग्नीही मिळालेला नाही. आवडाबाई आजही पुतळ्याचं नाव काढू देत नाही. कुणी समजवायला आलं की ती एकच उत्तर देते. “हाय म्हनला ना तो.”

फोन नव्याने चालू करताना नूतनने गणराजला बजावलं होतं, पिन लावू नका. त्याने लावला नाही. पडद्यावर बोट सरकवलं की उघडायचा. आत काही नसायचं. ना अ‍ॅप, ना नावं.

यंदा भातकापणी संपल्यावर एका संध्याकाळी तिने फळी पुसायला घेतली. फोनवरची धूळ झटकली. सवयीने पडद्यावर बोट सरकवलं...

फोनने पिन मागितला.

“तुम्हीच लावला असेल चुकून,” गणराज फोनवर म्हणाला. “घेऊन या. पुसून देतो.”

“पिन चुकून लागतो का भाऊजी? दोनदा टाकावा लागतो. तोच, दोन्ही वेळा.”



नूतन फोन घेऊन गेलेली नाही. तिने त्यावर एकही आकडा टाकून पाहिलेला नाही. आपण जे टाकू ते कुणीतरी आतून शिकतं, हे तिला आता ठाऊक आहे. सासूला तिने यातलं काही सांगितलेलं नाही.

फक्त वीज गेली की ती आधी पॉवर बँक शोधते. त्या फोनचं चार्जिंग ती उतरू देत नाही. तो एकदा बंद पडून चालू झाला, तर गणराज म्हणाला होता त्या बेशुद्ध माणसासारखी आतल्याला आपली ओळख राहणार नाही, असं तिला वाटतं.

तो आतला कोण, हे तिला विचारलं तर ती उठून चार्जर नीट बसलाय का ते बघून येते.