आप्पांच्या बाजूची कड

ही गोष्ट खरी आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण माझ्या तोंडावर नको. संयोगिता माझी सख्खी मावसबहीण, आणि हे तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

आणि रात्रीबित्रीची नाही हं.

भर दुपारची. गेल्या वैशाखातली. कोरेगावात, तिच्या स्वतःच्या घरातली.

संयोगिता घरी बसून लग्नाचे अल्बम करते. फोटोग्राफर फोटो पाठवतात, ती कॉम्प्युटरवर सजवून देते. त्यात एक काम हमखास येतं. वारलेल्या माणसाला लग्नाच्या फोटोत उभं करायचं. जुन्या फोटोतून माणूस कापायचा, नव्यात बसवायचा. कड करकरीत राहिली तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून कड मऊ करायची. मग तो शेजारच्यात मिसळून जातो.

फेदर म्हणतात त्याला.

तिची धाकटी बहीण क्रांती लग्न होऊन सांगलीला गेली, आणि अंजनामावशीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, संयोगिताकडं हेच मागितलं. आप्पा, म्हणजे मावशीचे यजमान, फौजेतून घरी आले आणि लेकीचं लग्न बघायच्या आत गेले. मावशीनं मांडवातच आपल्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून फोटो काढून घेतला होता. नवरा खरं तर उजवीकडं हवा, पण तिकडं जोडपं उभं होतं.

संयोगितानं आप्पांना त्या जागेत आणलं.

"पाहुण्यागत उभं ऱ्हायल्यात गं," मावशी म्हणाली. "जरा माझ्याजवळ घे की त्यास्नी."

तिनं जवळ घेतलं. कड मऊ केली. आणखी मऊ केली. आप्पांचा खांदा कुठं संपतो आणि मावशीचा कुठं सुरू होतो, ते शोधून सापडेना. मावशी डोळे पुसत हसली. मग संयोगितानं सगळ्याचं मिळून एकच चित्र करून टाकलं, सुटे भाग पुसले आणि फ्रेम बाहेरच्या सोप्यात लावली.

दुसऱ्याच दिवशी मावशीचा पदर घसरायला लागला.

पिन लावली. पिनेसकट घसरला.

"खांदा गार पडलाय बघ," मावशी म्हणाली. "असू दे. वय झालं आता."

साताऱ्याला नेलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. तोवर मावशीचं जेवण सुटलं. दिवसभर पडून राहायची, डाव्या कुशीवर.

त्या दुपारी संयोगिता तिला बसवून डाव्या खांद्याला तेल चोळत होती. खांदा हाताला लागत होता. पण तो संपतो कुठं...

बोटांना कळेना.

तिनं हात झटकन मागं घेतला. खिडकीतून ऊन येत होतं, मावशीची सावली भिंतीवर पडली होती. उजवीकडून लख्ख. आणि डावीकडून...

डावीकडून तिला कडच नव्हती.

संयोगिता धावत सोप्यात गेली आणि फ्रेम ओढून काढली. आत मावशीचा श्वास अडकला. घशातून नुसता घरघर आवाज. हिनं घाईघाईनं फ्रेम परत खिळ्याला लावली, तेव्हा कुठं श्वास सुटला.

आता काय करायचं? काढताही येईना, ठेवताही येईना.

ती कॉम्प्युटरपुढं बसली. दोघांना वेगळं करायचं, बस्स. माउसनं मावशीच्या खांद्यावरून रेघ ओढायला घेतली. आप्पा एकीकडं, आई एकीकडं. रेघ जेमतेम दंडापर्यंत आली आणि आतल्या खोलीतून...

"आई गंऽऽ! कोण कापतंय मला!"

मावशी अंथरुणात होती. कॉम्प्युटरचा पडदा तिला दिसतसुद्धा नव्हता.

संयोगितानं रेघ पुसली. आणि तेवढ्यात सोप्यातून...

कुणीतरी खाकरलं.

घरात शिरताना आप्पा खाकरायचे, अगदी तस्संच.

"आलं बघ तुझं आप्पा," मावशी आतून म्हणाली. आवाज लय समाधानाचा. "जाऊ दे बाई मला आता."

"न्हाई!" संयोगिता किंचाळली. एरवी शाळेतली भाषा बोलणारी पोरगी, पण तेव्हा तोंडातून घरचंच आलं. "आप्पा, सोडा की तिला! पाया पडते तुमच्या. मला दुसरं कोण हाय वो?"

सोप्यात कुणीच नव्हतं.

आणि मावशीचा श्वास पुन्हा मंद व्हायला लागला.

मग तिला सुचलं. कापायचं नाही... वरून झाकायचं. दोघं जिथं मिसळलेत, तिथं मधे कुणीतरी उभं करायचं.

मांडवातल्या त्या फोटोत ती स्वतः नव्हती. मानपानाच्या साड्या वाटण्यात अडकली होती. तिनं आपला एक फोटो कापला आणि आई-आप्पांच्या मधे ठेवला. आईच्या बाजूची कड करकरीत ठेवली, सुरीनं कापल्यासारखी. तसाच छापला. फ्रेम खिळ्यावरून न काढता, काचेच्या आत जुन्या फोटोवर हातानं सरकवला.

आत मावशी उठून बसली होती. "घसा लय सुकलाय गं. च्या टाक की."

संयोगिता तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. खांदा हाताला नीट लागत होता. पूर्ण.

मावशी आता ठणठणीत आहे. परवा रहिमतपूरला पाहुण्यांकडं जाऊन आली, एकटी, एसटीनं.

गेल्या महिन्यात सांगलीला क्रांतीचं डोहाळजेवण झालं. सगळ्यांचे फोटो मी काढले, मोबाईलवर. एकजात सगळे स्वच्छ आलेत. फक्त संयोगिता... उजवीकडून लख्ख आणि डावीकडून धुरकट. मी परत काढला. लेन्स पुसून काढला. तेच.

तिला बाजूला घेऊन दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"आप्पांच्या बाजूची कड मी मऊच ठेवली गं," ती म्हणाली. "तिकडं करकरीत करायला हातच धजला नाही. बाप आहे माझा."

मग माझं मनगट तिनं गच्च धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"आईला दाखवू नकोस. कळलं तर ती म्हणेल, तू हो बाजूला, मला उभं कर तिथं."

ते फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत. पुसून टाकायची माझी हिंमत होत नाही.