एकाच दिशेनं

तेलगावहून धारूरकडं निघालं की घाट लागायच्या अलीकडं डाव्या हाताला पत्र्याचं एक लांबलचक शेड दिसतं. पूर्वी तिथं कापसाचं जिनिंग होतं. हंगामात रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या व्हायच्या, इतकी रुई उडायची. आता त्याच शेडच्या पोटात एक खोली आहे, आणि तिथं कापसाचा एक तंतूही चालत नाही. त्या खोलीत उपग्रहाच्या इंधनाच्या टाक्या बनतात.

जिनिंगवाल्यांचा विजयसिंह बंगळूरला याच कामात बरीच वर्षं काढून परत आला आणि त्यानं हा कारखाना घातला. शिकाऊ म्हणून इथलीच बारावी झालेली पोरं घ्यायची, हा त्याचा हट्ट. पहिल्या तुकडीत करिष्मा होती.

तिचे आईवडील, विमलबाई आणि त्रिंबक, दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जात. करिष्माही दरसाल जायची. मोळ्या बांधायची, पाचट अंगाला चिकटायचं, कापल्यासारख्या रेघा उठायच्या. यंदा ती कडूबाई मावशीकडं मागं राहिली. सकाळी डबा घेऊन कारखान्यावर यायची, पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे चढवायची, वाऱ्याच्या झोतातून आत शिरायची. मागं दार लागलं की तिला बरं वाटायचं. आत सारखा गारवा, सारखा उजेड, आणि कुणी ओरडून बोलत नसे.

तिला शिकवायला बीडच्या संस्कृती मॅडम होत्या. टाकीच्या डोक्यावर हात जाईल एवढं तोंड असायचं. त्यातून आतली भिंत पुसायची, मग तोंडावर झाकण बसवून ते वेल्डिंगनं कायमचं बंद करायचं.

"हे काम तुझं," मॅडम म्हणाल्या होत्या. "हात बारीक आहे, आणि तुला घाई नाही. फडका एकाच दिशेनं ओढायचा. मागं फिरवलास तर उचललेली धूळ परत तिथंच बसते."

करिष्माला ते काम लई आवडलं. कोपरापर्यंत हात आत. आतलं दिसायचं नाही, बोटांनाच कळायचं. फडका ओढला की सर्र आवाज. थांबायचं, घडी पालटायची, परत सर्र. शेजारी अभिमन्यू उभा राहून नवे फडके द्यायचा आणि वापरलेले परत घ्यायचा. तोही तिच्याच तुकडीतला.

पहिली टाकी बंद झाली, तेव्हा कुठं गळते का ते पाहायला तिच्यात कोरडा वायू भरून तिला निर्वात पेटीत टांगली. पेटीला जाड काचेची खिडकी होती. पंपानं पेटीतली हवा काढून घेतली, आणि दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवायला करिष्माला बसवलं.

जेवणानंतरची वेळ होती. पंप बंद होता. करिष्माला आवाज आला.

सर्र. मग जरा थांबून, परत सर्र.

तिनं अभिमन्यूकडं पाहिलं. तो दूर, पाठमोरा, हत्यारं लावत होता. जिथं हवा नाही तिथून आवाज बाहेर येत नाही, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. तिनं कान काचेला लावला. आवाज मोठा झाला नाही, बारीकही झाला नाही. जेवढा होता तेवढाच राहिला.

तिला भीती वाटली नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. कुणी शेजारी बसून निवांत काम करावं, तसा तो आवाज होता.

पण सांगणं भाग होतं.

"धातू गार होताना आकसतो," मॅडम म्हणाल्या. "त्याचा आवाज असेल." मग त्याही पेटीजवळ उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"करिष्मा, आत फडका राहिला का?"

"न्हाई मॅडम."

"समदे परत आलेत," अभिमन्यू म्हणाला. "मीच घेतलेत हातात."

मॅडमनी विजयसिंहाला बोलावलं. आत फडका राहिला असेल, तर टाकी भंगारात जाणार होती. तिच्याबरोबर ही तुकडीही जाणार होती. बारावीच्या पोरांच्या हाती असलं काम देऊ नका, असं टाकी घेणारे आधीपासून सांगत होते. विजयसिंह कुणावर रागावला नाही. तो म्हणाला, "बघू तर खरं."

टाकी बाहेर काढली. इंधनाची नळी जोडायला तिला बोटभर भोक होतं. त्याचं बूच काढून त्यांनी दोरीसारखा बारीक कॅमेरा आत सोडला. सगळे पडद्यासमोर उभे राहिले.

आत फडका नव्हता. काहीच नव्हतं.

भिंत मात्र चकचकत होती. झाकणाच्या वेल्डिंगचा आतला सांधासुद्धा पुसलेला होता. झाकण बसल्यानंतर तिथं कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

"हे कुणी पुसलं?" मॅडमनी हळू विचारलं.

विजयसिंहानं कॅमेरा आणखी थोडा आत सरकवला.

मग पडदा धुरकट झाला. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती. टाकीत भरलेला वायू कोरडाठाक होता, ओलावा यायला जागाच नव्हती. थंड आरशावर कुणी श्वास सोडावा, तशी ती वाफ मधून सुरू होऊन कडेला पसरली.

आणि पुसली गेली.

डावीकडून उजवीकडं, सावकाश. मधे थांबून, उरलेली परत डावीकडूनच.

विजयसिंहानं कॅमेरा बाहेर ओढला.

"काय लिहायचं?" मॅडमनी विचारलं.

"दिसलं ते," तो म्हणाला. "आत काही नाही. स्वच्छ आहे."

टाकी खोक्यात भरून गेली. घेणाऱ्यांकडून निरोप आला की इतकी स्वच्छ टाकी आजवर पाहिली नाही, आणखी पाठवा. तुकडी राहिली. त्या दिवशी विजयसिंहानं सगळ्यांना पेढे वाटले. आवाजाचं नाव कुणी काढलं नाही.

विमलबाईंचा फडावरून फोन आला. मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या.

"कसं हाय गं तिथं?"

"लई चांगलं हाय. माझं काम आवडलं त्यांला."

"एकटीच करतीस व्हय एवढं? कुनी हाय का जोडीला?"

"हाय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दुसरी टाकी पुसायला आली. करिष्मानं अभिमन्यूकडून फडका घेतला आणि हात आत घातला. जवळची बाजू झाली. पलीकडच्या भिंतीला तिची बोटं जेमतेम लागायची, खांदा तोंडाला टेकवून ताणावं लागायचं. तिनं ताणलं.

फडका पलीकडून हलकेच ओढला गेला.

हिसका नव्हता. चुलीपुढं बसलेल्या बाईनं दुसरीच्या हातून काही घ्यावं, तसं.

करिष्मानं बोटं सैल केली.

आत सर्र आवाज झाला. थांबून, परत सर्र. अभिमन्यूनं विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "थांब जरा." तिनं हात बाहेर काढला नाही. तळहात वर करून तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं फडका तिच्या हातावर परत आला. नीट घडी घातलेला होता, आणि हातमोज्यातूनही कळावा इतका उबदार.