शेंड्यावरच्या चेरी

हिलाल चेरीच्या झाडाखाली सापडला, तेव्हा तो गार पडला होता. अर्धी भरलेली टोपली उशाशी, अन् मोडकी शिडी बाजूला.

शिडी त्याच्या बापानं केलेली. सोनाउल्ला नजार म्हणजे शोपियांतला जुना सुतार. पोराला मांडीवर घ्यायचं सोडून म्हातारा मोडकी पायरीच कवटाळून बसला होता.

"मीच मारलं गं त्याला! लाकूड ओलं राहिलं असणार. जळो हे हात!"

फौजदार फहमीदा इथलीच लेक. ती शेजारी टेकली. "चाचा, पायरी द्या बघू."

लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. मधोमध दगडाच्या घावाचा पांढुरका वण उमटला होता.

तिनं वर पाहिलं. शिडी पोचेल तिथवर फांद्या चेरींनी लगडलेल्या, शेंडा मात्र रिकामा! शेंड्याची फळं तर पाखरांची. तिथवर चढणार कोण? खाली गवतात चार चौकोनी खड्डे ताजे होते.

हिलालचा धाकटा भाऊ तन्वीर फाटकाशी उभा होता. तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या ठेकेदाराकडे, माणसाला उंच उचलणाऱ्या पाळण्याची गाडी चालवायचा. त्या गाडीलाही इंग्रजीत चेरी पिकर, म्हणजे चेरी तोडणाराच म्हणतात. हिलाल त्यावरून त्याला छळायचा, "चेरी तोडून कंबर माझी मोडते, अन् नाव तुझ्या गाडीला!" गाडी आत्ताही बाहेर उभी होती.

फहमीदानं पाळण्यात डोकावून पाहिलं, मग त्याच्याकडे वळली.

"सकाळी कुठं होतास?"

"कामावर, बाजी," तो थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणाला. "चौकातले दिवे."

"गाडी घेऊन?"

"मग काय पाठीवर चढून लावू दिवे?"

"बागेत आला नव्हतास?"

"नाही म्हटलं ना!"

"चौकात चेरीची झाडं कधी लागली रे? पाळण्यात हिरवी पानं पडलीत."

तन्वीरची नजर खाली गेली.

"शिडीनं कुणी मेलेलं नाही," फहमीदा हळूच म्हणाली. "शिडीवरचा माणूस हाताजवळचं सोडून शेंडा कसा खुडेल? शेंड्याला पोचतो तो फक्त ह्या गाडीचा पाळणा. तिचे लोखंडी पाय गवतात रुतले, ते चार खड्डे. हिलाल पाळण्यातून पडला. तू गाडी नेलीस, शिडी आणून टाकलीस, अन् पायरी दगडानं फोडलीस. का रे?"

तन्वीर मटकन खाली बसला. "अब्बा नेहमी म्हणायचे, शेंड्याची चेरी सगळ्यात गोड, पण मेलो तरी तोंडी लागायची नाही. हिलाल म्हणाला, चल, आज खाऊ घालू. पट्टा बांधलाच नाही आम्ही. वर गेल्यावर तो मला चिडवायला लागला. मी... मी गमतीनं पाळण्याचा दांडा हिसकला, बाजी. घाबरवायचं होतं फक्त. त्याचा तोलच गेला. मी पाळणा खाली आणला तोवर त्याचा श्वास नव्हता. तुरुंगाला भ्यालो मी."

"अन् खापर बापाच्या माथी?"

 तन्वीर ढसढसा रडत राहिला.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. पायरी त्याच्या हातातून गळून पडली. तो उठला, टोपलीपाशी गेला, आणि फळाला हात न लावताच परत फिरला.

"भावाला खांदा देऊ दे त्याला, पोरी. मग ने."

"नेईन, चाचा. दफन झाल्यावरच."

सोनाउल्लानं तन्वीरच्या डोक्यावर हात ठेवला. 

"सकाळपासून खुदाकडे एकच मागत होतो," तो म्हणाला, "पोरगा माझ्या हातून मेलेला नसू दे. ऐकलं रे त्यानं. कशाला ऐकलं?"