श्रीखंडाच्या डब्यातला सातवा शिक्का

तो श्रीखंडाचा डबा जरा बाजूला सरकवा आणि आधी चहा घ्या. झाकण मी सांगेन तेव्हा उघडा. घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे, आम्ही आता घाबरत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पुण्याहून इथे आइंडहोवनला आलो. मी ऑफिसात रमलो, संपदा सायकलवर रमली, आणि आमची ईशानी, पुण्यात अख्खी सोसायटी डोक्यावर घेणारी मुलगी, इथे गप्पगप्प झाली. चार महिन्यांत एकही मैत्रीण नाही. मधल्या सुट्टीत एकटीच कुंपणाशी उभी असते, असं तिच्या बाईंनी सांगितलं तेव्हा माझा जीव तुटला. ऑक्टोबरात तिचा आठवा वाढदिवस होता. म्हटलं, वर्गातल्या पाच जणांना बोलवायचं आणि असा खेळ मांडायचा की निदान एक तरी मैत्रीण पदरात पडली पाहिजे.

इथून पाऊण तासावर वाळूचं मोठं रान आहे. वाळवंटच म्हणा. त्यातल्या टेकाडांना ही माणसं डोंगर म्हणतात. आपण सह्याद्री पाहिलेला, हसू दाबायचं. तिथे मी सकाळीच जाऊन श्रीखंडाचे पाच रिकामे डबे लपवले. ड्रॅगनची गुहा, चेटकिणीची चूल, असं करत शेवटी परीराणीचा खजिना. प्रत्येक डब्यात एक वही आणि एक शिक्का. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आणि आपला त्यातल्या वहीत. मुलांनी आपापले शिक्के खोडरबरातून कोरले होते. ईशानीचं घुबड होतं.

खुणांना बाण नकोत म्हणून मी गौरीची पावलं काढली. ओल्या वाळूत मुठीचा ठसा, वर पाच बोटांचे ठिपके. महिन्यापूर्वीच संपदानं दारापासून देवापर्यंत काढली होती, ती पाहून शिकलो. खजिन्यापासून गाडीपर्यंतही काढली, परतताना कुणी चुकू नये म्हणून.

दुपारी मुलं ‘परीची पावलं!’ म्हणून डचमध्ये किंचाळत सुटली. माझा आनंद गगनात मावेना. फक्त ईशानी मागे, एकटी.

तिसऱ्या डब्यानंतर धुकं उतरलं. ओल्या पाइनचा वास आला, वारा पडला. आणि मला पावलांची दुसरी रांग दिसली. माझ्या मुठीपेक्षा लहान मुठीची. कुणा पोराचा चावटपणा असेल म्हणून मी मागे वळलो, तर ईशानी नव्हती.

"ईशानी..."

पाच मुलं मला बिलगून उभी.

मग वरून हसू आलं. दोघींचं.

ती टेकाडावर उभी होती, गाल लाल झालेले. "बाबा, चला ना! खजिना इकडे आहे. जवळची वाट आहे!"

"तुला कुणी सांगितलं?"

"हिनं..."

मी वर चढलो. वाळूत ईशानीच्या बुटांचे ठसे होते आणि शेजारी ती छोटी पावलं. काढणाऱ्याच्या गुडघ्यांची, बुटांची, कसलीच खूण नाही. शेवटच्या पावलाला चारच बोटं होती. पाचवं माझ्या डोळ्यांदेखत उमटलं.

पण पोरांना काय त्याचं! ईशानीनं सगळ्यांना थेट खजिन्यापाशी नेलं. चॉकलेटं आणि चकल्या उधळल्या गेल्या, आणि फेना नावाच्या मुलीनं तिचा हात जो धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

घरी वडे तळता तळता संपदानं सगळं ऐकून घेतलं. मग झारा खाली ठेवला.

"रुचिर... पावलांची बोटं कुणीकडे होती?"

"गाडीकडे."

"म्हणजे आपल्याकडे. अरे, गौरीची पावलं म्हणजे आवाहन. बोटं जिकडे, तिकडे ती येते. आणि बोलावलं की तिसऱ्या दिवशी पाठवणीही करायची असते."

आता उघडा झाकण. खजिन्याची वही आहे ती. सहा मुलांचे सहा शिक्के मोजा. सातवा बघा, इवलीशी मूठ आणि पाच ठिपके. वाळूचा आहे. पुसून बघा. नाही ना जात?

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फेना खेळायला आली होती. संपदानं तांदळाचं पीठ घेतलं आणि बोटं दाराकडे करून पाठवणीची पावलं काढायला बसली. दोन काढून झाली आणि आतून खिदळणं ऐकू आलं. ईशानीचं. फेनाचं. आणि तिसरं.

चार महिन्यांनी आमच्या घरात असं हसू घुमत होतं. संपदाचे डोळे भरून आले. तिनं ओल्या फडक्यानं पीठ पुसून टाकलं.

"राहू दे," म्हणाली. "कुणाची तरी लेकच असेल."

वर्ष झालं. त्रास काहीच नाही, उंबऱ्याशी चिमूटभर वाळू असते तेवढीच. गेल्या शनिवारी पुन्हा त्याच रानात वाढदिवस केला. या खेपेला मी बाणच लावले, पावलं एकही काढली नाहीत.

रविवारी दार उघडलं तर उंबऱ्यापासून आतपर्यंत वाळूची पावलं. दोन मापांची.

ईशानीला विचारलं तर म्हणते, "तिलाही तिची मैत्रीण हवी होती ना, बाबा."

ऐकलंत? खिदळणं सुरू झालं. फेना तर आज आजीकडे गेलीय. आणि संपदानं ताटं मांडलीत बघा, तुमचं धरूनही दोन जास्त.