खंड्या का थबकला?

कळ दाबल्यावर खंड्या चार सेकंद नुसता का थांबतो, हे वैदर्भीला कळेना.

खंड्या हा कोकण किनाऱ्यावरच्या एका सागरी प्रयोगशाळेचा पाण्याखालचा यंत्रमानव. स्वतःला दोराने त्याच्याशी बांधून वैदर्भीची सुमेधाआत्या समुद्रतळाशी प्रवाळ तपासत होती. अचानक प्रवाह वाढला. दोघंही खडकांकडे ढकलली जाऊ लागली, आणि वर नियंत्रण कक्षात बसलेल्या वैदर्भीचा प्रत्येक हुकूम उशिरा पोचत होता.

“आजोबा, तो एवढा वेळ करतो काय?”

खंड्याची ऑपरेटिंग सिस्टीम (यंत्राची सगळी कामं सांभाळणारा मूळ प्रोग्राम) शेजारी बसलेल्या अच्युतआजोबांनीच लिहिली होती. “प्रश्न विचारतो. हुकूम कोणाचा? आणखी कोणी देतंय का? आधी कोणाचं ऐकायचं? दर वेळी पहिल्यापासून.”

“पण मी तर एकटीच आहे.”

“मग आज ते प्रश्न गाळू.” आजोबांनी हुकूम पाळणाऱ्या ऑब्जेक्टची (माहिती आणि ती हाताळायच्या रीती एकत्र बांधलेला प्रोग्रामचा भाग) छोटी आवृत्ती सुरू केली. “कळ तीच दाबायची. आतली एक रीत तेवढी बदलली. बाकीच्या रीती मूळ ऑब्जेक्टकडून वारशाने आल्यात.”

खंड्या लगेच वळला. खडक मागे पडले. वैदर्भीने ‘वर’ दाबलं, आणि खंड्या पुन्हा थबकला.

ती आजोबांकडे वळली. “बिघडला का?”

तेवढ्यात स्पीकरवर आत्याचा आवाज आला. “वर ओढू नकोस. पाय दोरात अडकलाय. मी खंड्यावरची ‘थांब’ची कळ दाबलीय.”

आजोबांनी श्वास सोडला. “मी एक पहारेकरी (आपण धरून चाललेली गोष्ट मोडली का, ते पाहणारा छोटा प्रोग्राम) ठेवला होता. हुकूम देणारं दुसरं कोणी आलं, तशी त्याने सगळे प्रश्न विचारणारी लांब रीत परत आणली.”

“म्हणजे हळू झाला ते बरोबर?”

“हो.”

“आणि मघाशी जलद झाला तेही?”

“तेही. तेव्हा तू एकटी होतीस.”

पाय सोडवून आत्या सुखरूप वर आली, तरी वैदर्भी गोंधळलेलीच होती. “आजोबा, आपण अजून काय काय धरून चाललोय, जिथे पहारेकरीच नाही?”

“सगळं मलाही ठाऊक नाही. वही आण, शोधू.”

वैदर्भीने पहिल्या ओळीत लिहिलं, ‘हुकूम देणारा माणूस शुद्धीवर आहे.’

आजोबांनी ते दोनदा वाचलं. “हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं,” ते म्हणाले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले.